शपथपत्राचा वाचक कोण? : उमेदवारांच्या मालमत्ता-प्रकटीकरणाची एक चिकित्सा

विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत एक शपथपत्र सादर करावे लागते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४-अ अन्वये विहित केलेला हा 'नमुना २६' होय. वर्तमानपत्रांतून त्याची ओळख आपल्याला एका बातमीपुरती होते. अमुक उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत इतक्या कोटींनी वाढली, तमुक उमेदवाराच्या नावावर एकही वाहन नाही. आपण हसतो किंवा हळहळतो आणि पान उलटतो. मूळ दस्तऐवज आरंभापासून अखेरपर्यंत क्वचितच कोणी वाचतो. प्रस्तुत लेखात तो एक संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. कोणतीही संहिता हाती आली की समीक्षक जे प्रश्न प्रथम विचारतो, तेच येथे विचारले आहेत. ही संहिता कोण कोणास उद्देशून लिहितो? तिची शब्दयोजना कोणते जग गृहीत धरते? आणि ती कोठे गप्प राहते?

या विषयावर सुशिक्षित वर्गात दोन मते रूढ आहेत. पहिले असे की, सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयानंतर उमेदवाराचे आर्थिक जीवन मतदारापुढे उघड झाले आणि प्रश्न तत्त्वतः सुटला. दुसरे असे की, हा सारा कागदी देखावा आहे. खरी संपत्ती कोणी लिहीत नाही. पहिले मत भोळे आहे व दुसरे आळशी. दोन्ही मतांना दस्तऐवज वाचण्याची गरज भासत नाही, हे त्यांच्यातील साम्य. प्रस्तुत लेखकाच्या मते शपथपत्राचे दुखणे खोटे लिहिणाऱ्यांत आहे त्याहून अधिक त्याच्या रचनेत आहे. या दस्तऐवजाला वाचक देण्यात आला. परीक्षक देण्यात आला नाही.

वाचक कसा बदलत गेला

मालमत्तेच्या प्रकटीकरणाची कल्पना आपल्याकडे २००२ मध्ये अवतरली असे समजणे बरोबर नाही. भ्रष्टाचार-प्रतिबंधाविषयीच्या संथानम समितीने आपला अहवाल १९६४ मध्ये सादर केला आणि त्याच वर्षी केंद्रातील व राज्यांतील मंत्र्यांसाठी आचारसंहिता तयार झाली. मंत्र्याने आपल्या व कुटुंबीयांच्या मालमत्तेचा आणि देण्यांचा तपशील पंतप्रधानांना, राज्यात मुख्यमंत्र्यांना द्यावा, असे तीत ठरले. वाचक एकच, आणि तोही घरचाच. ज्याने मंत्रिमंडळात घेतले त्यानेच संपत्ती तपासावी, या व्यवस्थेत मतदार कोठेच नव्हता.

मतदाराला वाचकाच्या जागी आणण्याचे श्रेय एका प्राध्यापकांच्या गटाकडे जाते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आदी अध्यापकांनी १९९९ मध्ये 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था स्थापन करून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. (अध्यापकांनी वर्गाबाहेर केलेल्या या कामाची कथा आपल्या शिक्षककक्षांत फारशी सांगितली जात नाही, याचे नवल वाटते.) उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल २ नोव्हेंबर २००० रोजी आला. केंद्र शासन अपिलात गेले आणि २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. मत देणे ही अभिव्यक्ती असेल तर ती माहितीवाचून आंधळी ठरते, असा त्यामागील विचार होता. निवडणूक आयोगाने २८ जून २००२ रोजी तदनुसार आदेश काढला.

यानंतर संसदेने जे केले ते आपल्या विवेचनाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. ऑगस्ट २००२ मध्ये प्रथम अध्यादेशाने व नंतर अधिनियमाने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये नवी कलमे घालण्यात आली. कलम ३३-अ अन्वये उमेदवाराने गुन्हेगारी प्रकरणांची माहिती द्यावी असे ठरले. मालमत्तेचा त्यात उल्लेख नव्हता. न्यायालयाचा कोणताही निर्णय असला तरी याहून अधिक माहिती देण्यास उमेदवार बांधील नाही, असे कलम ३३-ब ने बजावले. आणि कलम ७५-अ ने म्हटले की, निवडून आलेल्या संसद-सदस्याने शपथग्रहणानंतर ९० दिवसांत आपल्या मालमत्तेची माहिती सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्यास द्यावी. म्हणजे संसदेने प्रकटीकरण नाकारले नाही. तिने त्याचा वाचक बदलला. निवडणुकीपूर्वीच्या मतदाराऐवजी निवडणुकीनंतरचा सभाध्यक्ष! लोकसभेसाठी २००४ मध्ये या कलमाखाली झालेल्या नियमांनुसार ही माहिती गोपनीय असून अध्यक्षांच्या लेखी परवानगीवाचून ती कोणास देता येत नाही. १३ मार्च २००३ रोजी 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३३-ब घटनाबाह्य ठरविले आणि मतदार पुन्हा वाचकाच्या आसनावर बसला. त्या आसनावर त्याला बसविले खरे, परंतु त्याच्या हाती कोणती साधने दिली, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

रकान्यांतले कुटुंब

आता प्रत्यक्ष नमुन्याकडे वळू. त्यात मालमत्तेचे जंगम आणि स्थावर असे दोन भाग आहेत. रोकड, ठेवी, रोखे, विमा, दिलेली कर्जे, वाहने, दागिने. मग शेतजमीन, बिनशेती जमीन, वाणिज्यिक व निवासी इमारती. त्यानंतर देणी. आडव्या रकान्यांत उमेदवार स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबित व्यक्ती. २०१९ च्या सुधारणेने हिंदू अविभक्त कुटुंबाचा रकाना व मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणांतील उत्पन्नाचे आकडे त्यात आले. संयुक्त मालकी असल्यास हिस्सा किती तेही सांगावे, अशी सूचना आहे. हे सारे कोणी निष्काळजीपणे लिहिलेले नाही. प्रत्येक शब्दामागे एखादा वाद किंवा निकाल आहे.

तथापि या रकान्यांतून उभे राहणारे कुटुंब महाराष्ट्रातील कोणत्या घरात नांदते? अवलंबित म्हणजे ज्याला उत्पन्नाचे स्वतंत्र साधन नाही तो. मुलगा सज्ञान होऊन त्याने स्वतःचे आयकर विवरण भरण्यास सुरुवात केली, की तो पित्याच्या शपथपत्रातून बाहेर पडतो, आणि त्याच्या नावावरील भूखंड, भागीदारी, पेट्रोलपंप हेही त्याच्याबरोबर बाहेर पडतात. सख्खा भाऊ कधी आतच नव्हता. सून नाही, मेहुणा नाही, व्याही नाही. आपल्या ग्रामीण व निमशहरी राजकारणात मात्र सत्ता आणि संपत्ती घराण्याच्या एककाने चालते. साखर कारखान्याच्या संचालकपदापासून नगरसेवकपदापर्यंत कोणती जागा कोणत्या चुलतभावाने लढवायची हे एका बैठकीत ठरते. जे कुटुंब निवडणूक एकत्र लढवते ते शपथपत्रात मात्र विभक्त होते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या रकान्याने ही उणीव भरून निघेल असे वाटू शकते, परंतु तो रकाना करदात्या एककाचा आहे, नात्यागोत्याचा नव्हे.

आपल्या वाशीत बसून हा नमुना वाचताना दुसरी अडचण दिसते, ती 'मालकी' या शब्दाची. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली व ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. येथे जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्याने मिळते; मूळ पट्टा ६० वर्षांचा. सदनिकाधारकाच्या हाती सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र असते. म्हणजे वाशीतील मध्यमवर्गीय उमेदवार 'निवासी इमारत' या रकान्यात जे लिहितो ते काटेकोर अर्थाने पट्ट्याच्या जमिनीवरील इमारतीतील हक्क होय. ही गुंतागुंत किरकोळ मानून सोडून देता येईल. परंतु जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई व दास्तान फाटा येथे शेतकऱ्यांचे बळी गेले आणि त्या लढ्यातून पुढे जी साडेबारा टक्के योजना आली, तिच्याखालील भूखंडाचे काय? संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला, तो हयात नसल्यास वारसांना संयुक्तपणे, पट्ट्याने द्यावयाचा. त्यावर विकसकाशी करार होतो. सिडको, भूखंडधारक आणि खरेदीदार यांच्यात त्रिपक्षीय करारनामा होतो. काही सदनिका वारसांच्या वाट्याला येतात, काही रक्कम मिळते, काही येणे राहते. या प्रवासाच्या मधल्या कोणत्याही टप्प्यावर निवडणूक आली तर उमेदवाराने काय लिहावे? भूखंडातील हिस्सा, कराराखालील येणे, की अद्याप न बांधलेली सदनिका? नमुन्यात 'इतर' असा एक रकाना आहे. त्यात सारे कोंबता येते, किंवा काहीच न लिहिता येते.

याहून अवघड उदाहरण गावठाणालगतच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचे. वाशीगाव, जुहूगाव, कोपरी, तुर्भे येथे कुटुंबे वाढली, घरे वाढली. ज्या जमिनीवर ती वाढली त्यांपैकी पुष्कळशी जमीन कागदोपत्री सिडकोची. अशा घरात राहणाऱ्या, त्याचे भाडे घेणाऱ्या उमेदवाराने ते घर आपले म्हणून लिहिले तर जमिनीच्या मालकीविषयी चूक होते. न लिहिले तर मालमत्ता लपविल्याचा आक्षेप येतो. प्रामाणिक भूमिपुत्र उमेदवारालाही जेथे खरे लिहिण्याची सोय नाही, तेथे अप्रामाणिकाला किती मोकळीक असेल याची कल्पना करावी.

'अंदाजे चालू बाजारमूल्य'

स्थावर मालमत्तेच्या प्रत्येक नोंदीखाली अंदाजे चालू बाजारमूल्य विचारले जाते. अंदाज कोणाचा? उमेदवाराचा. आधार कोणता? तो सांगण्याचे बंधन नाही. आपल्या राज्यात कोणतीही सदनिका विकताना खरेदीदार-विक्रेत्यांनी सांगितलेली किंमत शासन डोळे मिटून स्वीकारत नाही. मुद्रांक शुल्कासाठी नोंदणी विभाग दरवर्षी विभागवार मूल्यदर तक्ते ठेवतो, ज्यांना आपण व्यवहारात रेडी रेकनर म्हणतो. करारातील रक्कम त्याहून कमी असली तरी शुल्क तक्त्याप्रमाणेच घेतले जाते. म्हणजे दोन लाखांचे मुद्रांक शुल्क बुडू नये म्हणून शासनाने स्वतःचे मोजमाप तयार केले आहे. तेच मोजमाप शपथपत्राच्या शेजारी एका रकान्यात लिहावयास सांगितले असते तर एक पैशाचाही खर्च आला नसता. परिणामी एकाच परिसरातील दोन उमेदवारांच्या सारख्याच क्षेत्रफळाच्या सदनिकांचे मूल्य वेगवेगळे असू शकते, आणि एकाच उमेदवाराची संपत्ती दोन निवडणुकांच्या दरम्यान वाढली ती कमाईने वाढली की अंदाज बदलल्याने, हे सांगता येत नाही. 'संपत्तीत इतक्या टक्क्यांनी वाढ' या दर पाच वर्षांनी येणाऱ्या बातम्यांचा पाया असा भुसभुशीत आहे. त्या बातम्यांवर आपण विद्यार्थ्यांना प्रकल्प लिहावयास देतो, म्हणून हे सांगणे अगत्याचे वाटले.

आपण अध्यापक मंडळी पदोन्नतीसाठी स्वयंमूल्यमापनाचा प्रपत्र भरतो तेव्हा एका दिवसाच्या चर्चासत्रातील उपस्थितीसाठीही प्रमाणपत्राची प्रत जोडतो, आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक ती उलटून पाहतात. गुण दोन असोत की पाच, पुराव्यावाचून मिळत नाहीत. शपथपत्रातील कोट्यवधींच्या नोंदीला एकही जोडपत्र लागत नाही.

कोरी जागा आणि खोटी नोंद

उमेदवार रकाने कोरे सोडू लागले तेव्हा प्रश्न न्यायालयात गेला. 'रिसर्जन्स इंडिया' प्रकरणात १३ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कोरा रकाना हा मतदाराच्या हक्काचा भंग होय. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवारास तो भरण्याची आठवण द्यावी, आणि तरीही तो न भरल्यास नामनिर्देशनपत्र फेटाळता येईल. उमेदवाराने किमान 'निरंक', 'लागू नाही' किंवा 'माहीत नाही' असे तरी लिहावे.

तत्त्व योग्यच आहे. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ पाहावा. कोरी जागा सोडणाऱ्याचा अर्ज बाद होऊ शकतो. त्याच जागी 'निरंक' असे धडधडीत खोटे लिहिणाऱ्याचा अर्ज छाननीत टिकतो, कारण मजकुराच्या खरेखोटेपणाची चौकशी छाननीच्या टेबलावर होत नाही. खोट्या माहितीबद्दल कलम १२५-अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, पण ती निराळी व दीर्घ वाट. शपथपत्राविरुद्ध कोणी प्रतिशपथपत्र दिले तर तेही जनतेच्या माहितीसाठी लावले जाते. म्हणजे मतदारापुढे दोन परस्परविरोधी शपथा ठेवल्या जातात आणि निवड त्याने करावी अशी अपेक्षा असते.

या अपेक्षेची खरी किंमत काय, हे आपल्याच जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट झाले. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ मतदारसंघातून किसन कथोरे निवडून आले. त्यांच्या शपथपत्रात पत्नीच्या नावावरील बंगला, पत्नीच्या नावावरील वाहन, भागीदारी संस्थेची मालमत्ता आणि वीजमंडळाची थकबाकी यांचा उल्लेख नाही, असा आक्षेप घेऊन मतदारसंघातील एका मतदाराने निवडणूक याचिका दाखल केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये निवडणूक रद्दबातल ठरविली. अपिलावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ९ मे २०१४ रोजी. न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. थकबाकीबाबत वाद चालू असल्याने ती न लिहिणे हा कदाचित गंभीर दोष नव्हे, परंतु बाकीच्या गोष्टी लपविणे हा महत्त्वाचा दोष आहे, असे तारतम्य त्याने दाखविले. आणि छाननीच्या वेळी स्वीकारले गेलेले नामनिर्देशनपत्रही, माहिती दडविल्याचे पुढे सिद्ध झाल्यास, कलम १०० खाली 'अयोग्यरीत्या स्वीकारलेले' ठरते, हे तत्त्व प्रस्थापित केले.

विधिशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे आणि विधी महाविद्यालयांत तो शिकविला जातो. मला त्यातील कालगणना अधिक बोलकी वाटते. २००४ ची निवडणूक, २०१४ चा अंतिम निकाल. ती विधानसभा २००९ मध्येच संपली होती. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन कथोरे त्याच वर्षी मुरबाडमधून पुन्हा निवडून आले होते. एका मतदाराने शपथपत्र खरोखर वाचले, कागद जमविले, वकील दिला आणि दहा वर्षे वाट पाहिली. कायद्याने ज्याची कल्पना केली तो आदर्श वाचक प्रत्यक्षात अवतरला, आणि त्याला हाती काय लागले, तर संपून गेलेल्या मुदतीचा निकाल. यात कथोरे यांच्यावर स्वतंत्रपणे दोषारोप करण्याचे कारण नाही. ते काम न्यायालयाने केले आहे. विचारावयाचे ते असे की, बंगल्याची घरपट्टी कोणाच्या नावे आकारली जाते आणि वाहनाची नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे शासनाच्याच दोन दप्तरांत पाहिले असते तर एका आठवड्यात कळले असते. ते पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते.

अरुणाचल प्रदेशातील तेजू मतदारसंघाच्या 'कारिखो क्री' प्रकरणात ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याची दुसरी बाजू मांडली. उमेदवाराला आपल्या प्रत्येक लहानसहान जंगम वस्तूची जंत्री द्यावी लागत नाही, त्यालाही खासगीपणाचा हक्क आहे, आणि प्रत्येक वगळणूक म्हणजे महत्त्वाचा दोष नव्हे. विकलेली वा भेट दिलेली, पण नोंदणीत जुन्याच नावावर राहिलेली वाहने, हा तेथील वादाचा विषय होता. निर्णय समंजस आहे. परंतु कोणती वगळणूक महत्त्वाची व कोणती क्षुल्लक, हे ठरविण्याची जागा त्यानेही न्यायालय हीच ठेवली. तीही निवडणूक होऊन गेल्यानंतरची.

परीक्षक का नाही?

सात-बाराच्या उताऱ्यावर एका ओळीचा बदल करावयाचा तर केवढा सोपस्कार! तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकाऱ्याने) फेरफार नोंदवहीत नोंद घ्यायची, प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना सूचना द्यायची, हरकत आल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरवून चौकशी करायची. मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. इतके झाल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ म्हणते की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. शपथपत्रही फलकावर लावले जाते, हरकतही घेता येते. चौकशी आणि प्रमाणन या पुढच्या दोन पायऱ्या तेवढ्या नाहीत. गुंठाभर जमिनीच्या वारसनोंदीला जी शिस्त आहे ती आमदाराच्या समग्र मालमत्तेच्या कथनाला नाही.

'लोकप्रहरी' या संस्थेच्या याचिकेच्या सुनावणीत सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने न्यायालयास सांगितले की, लोकसभेचे ७ सदस्य व विविध राज्यांतील ९८ आमदार यांच्या मालमत्तेतील वाढीत सकृद्दर्शनी विसंगती दिसते. नावे मोहोरबंद पाकिटातून सादर झाली. ज्या माहितीचा उगम मतदारासाठी जाहीर केलेल्या शपथपत्रांत होता, तिच्या तपासणीचे फलित मात्र मतदारापासून झाकले गेले! १६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने उत्पन्नाचे स्रोत जाहीर करणे बंधनकारक केले आणि लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेतील वाढीवर लक्ष ठेवणारी कायमस्वरूपी यंत्रणा असावी असे सांगितले. स्रोतांचा रकाना नमुन्यात आला. यंत्रणा उभी राहिली नाही.

अन्यत्र काय आहे? अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ मध्ये शासकीय नीतिमत्तेचा कायदा झाला. तेथील विवरणात मालमत्तेचे नेमके मूल्य लिहावे लागत नाही. अमुक ते तमुक डॉलर अशी श्रेणी पुरते. परंतु कार्यकारी शाखेतील अधिकाऱ्याचे विवरण नीतिविषयक अधिकारी तपासतो, त्रुटी विचारतो व त्यावर सही करतो. आपल्याकडे रुपयापर्यंत नेमका आकडा लिहावा लागतो आणि तो कोणी तपासत नाही. फ्रान्समध्ये २०१३ मध्ये स्थापन झालेले उच्च प्राधिकरण संसद-सदस्यांची विवरणे तपासते. त्यांच्या मालमत्तेचे विवरण मतदाराला जिल्हा कार्यालयात जाऊन वाचता येते, पण छापता येत नाही. त्या निर्बंधाचे समर्थन मी करणार नाही. मात्र तेथे वाचकाच्या आधी परीक्षक येतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

असा परीक्षक नेमल्यास सत्ताधारी त्याचा उपयोग विरोधकांना छळण्यासाठी करतील, ही भीती अनाठायी नाही; तपास यंत्रणांचा आपला अनुभव ती वाढविणाराच आहे. म्हणूनच हे काम आयकर विभागाकडे न देता आयोगाच्या अखत्यारीतील लेखापरीक्षकांकडे असावे, तपासणी सरसकट निवडून आलेल्या सर्वांची व्हावी, आणि 'विसंगती आढळली नाही' हा निष्कर्षही जाहीर व्हावा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विधानसभेचे २८८ आणि लोकसभेचे ४८ मिळून ३३६ शपथपत्रे. घरपट्टी, वाहन-नोंदणी, सात-बारा, कंपनी निबंधकाची दप्तरे व मूल्यदर तक्ते यांच्याशी ती ताडून पाहणे एका वर्षाचे काम आहे. आज हे काम मतदार करू पाहतो तेव्हा त्याला एक विचित्र मर्यादा जाणवते. सात-बारा संगणकावर पाहण्यासाठी आधी जिल्हा, तालुका आणि गाव निवडावे लागते. उमेदवाराने जे जाहीर केले ते पडताळता येते. जे जाहीर केले नाही ते कोणत्या गावात शोधायचे हेच ठाऊक नसते.

दुसरी सही

आतापर्यंत केवळ उमेदवारांविषयी लिहिले. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या अधिकाऱ्यांचा वाचक कोण? भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी १९६८ च्या आचरण नियमांखाली दरवर्षी स्थावर मालमत्तेचे विवरण देतात व ते केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येते. जंगम मालमत्ता त्यात नसते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची विवरणे १९७९ च्या वर्तणूक नियमांतील नियम १९ खाली वरिष्ठांकडे जातात. म्हणजे १९६४ च्या मंत्र्यांप्रमाणेच येथे वाचक घरचा. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याच्या मालमत्तेची माहिती माहिती अधिकाराखाली मागितली गेली, तेव्हा 'गिरीश देशपांडे' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ती व्यक्तिगत माहिती ठरविली. व्यापक लोकहित दाखविल्यास अपवाद. पुढे वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील शब्दच बदलले आणि हा दरवाजा आणखी लोटला गेला. गंमत अशी की, त्याच काळात, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आपल्या मालमत्तेची माहिती स्वतःहून न्यायालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्यास आरंभ केला.

नवी मुंबईत या भेदाला विशेष धार आहे. २०१५ मध्ये निवडून आलेल्या महापालिका सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली साडेपाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात पुनर्विकासाचे प्रस्ताव, बांधकाम परवानग्या, भोगवटा प्रमाणपत्रे यांवर सह्या होतच होत्या. त्या करणाऱ्या अभियंत्यांचे व नगररचनाकारांचे मालमत्ता-विवरण एकाही मतदाराने वाचलेले नाही, कारण ते त्याच्यासाठी लिहिलेलेच नव्हते. २०२६ मध्ये उमेदवारांनी राज्य निवडणूक आयोगाच्या नमुन्यात पुन्हा शपथपत्रे भरली. साडेबारा टक्के योजनेतील एखाद्या भूखंडावर आज इमारत उभी राहते तेव्हा नगरसेवक झालेल्या वारसदाराचा त्यातील हिस्सा, खरा वा अंदाजे, फलकावर लागलेला असतो. त्याच इमारतीच्या नकाशावर मंजुरीची सही करणाऱ्याचे विवरण आस्थापना शाखेच्या कपाटात असते.